खर्जाचे माप : लहान कार्यक्रमांसाठी बेस गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची निवड

तीस ते ऐंशी श्रोत्यांच्या कॅफेत, सोसायटीच्या सभागृहात, घरगुती मैफलीत किंवा गोव्यातील एखाद्या शॅकमध्ये बेस गिटारकडे दोन कामे असतात : तालवाद्याला धरून लय पक्की ठेवणे आणि गायकाच्या स्वराला खालून आधार देणे. ही कामे नीट झाली, तर श्रोत्याचे बेसकडे वेगळे लक्ष जात नाही. ती बिघडली, तर सगळा कार्यक्रम एक तर पोकळ वाटतो किंवा भिंतींसह घुमत राहतो. तरीही या वाद्याची आणि त्याचा आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची, म्हणजे वादकांच्या बोलीतील अ‍ॅम्पची, खरेदी बहुधा दुकानात किंवा घरी, एकट्याने वाजवून आणि एकट्याच्या कानाने केली जाते, आणि पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते. प्रस्तुत लेखकाने पुण्या-मुंबईच्या लहान कार्यक्रमांत बेस वाजवताना या चुका एकामागून एक केल्या आणि त्यांची किंमतही मोजली. नव्या वादकांवर ती वेळ येऊ नये, या कळकळीने त्यांची कारणमीमांसा येथे केली आहे.

खर्ज आणि कान

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार, जिला ई तार म्हणतात, मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे 41 कंपने, म्हणजे 41 हर्ट्झ, निर्माण होतात. त्यानंतरच्या ए, डी आणि जी या तारा अनुक्रमे 55, 73 आणि 98 हर्ट्झच्या आसपास बोलतात. पाच तारांच्या बेसमध्ये त्याखाली सुमारे 31 हर्ट्झची बी तार येते. इतका खालचा स्वर लहान पेटीतून मोठ्याने काढणे कठीण असते, कारण एक सप्तक खाली उतरताना आवाजाची पातळी तेवढीच राखायची, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. म्हणूनच पेटीचा लहान आकार, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळतात, असे सांगणारा आणि हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम ध्वनिक्षेपकांच्या रचनेत पायाभूत मानला जातो. आटोपशीर अ‍ॅम्पकडून खोल खर्ज आणि मोठा आवाज एकदम मागणे म्हणजे या नियमाशी झगडणे होय.

निसर्गाने येथे एक सवलतही दिली आहे. तार 41 हर्ट्झने कंप पावते तेव्हा 82, 123, 164 अशा पटींतील वरचे स्वरांशही उमटत असतात, आणि मूळ स्वर क्षीण असला तरी या स्वरांशांवरून मेंदू तो ताडतो; लहान स्पीकरवरही बेसचा स्वर ओळखू येतो, तो यामुळेच. लहान कार्यक्रमात बेस स्पष्ट ऐकू येणे हे सर्वांत खालच्या थरापेक्षा या मधल्या थरावर अवलंबून असते.

प्रस्तुत लेखकाची पहिली मोठी चूक नेमकी येथे झाली. घरी हळू आवाजात सराव करताना अ‍ॅम्पवरचे बेसचे बटण बरेच वर आणि मधल्या थराचे, म्हणजे मिडचे, बटण खाली ठेवले असता वाद्याचा आवाज मखमली वाटे, आणि तीच मांडणी त्याने कार्यक्रमातही जशीच्या तशी वापरली. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी जाणवतो, तर आवाज वाढला की तो अधिक भरून येतो. परिणामी घरचा मखमली आवाज कॅफेत नुसती गुरगुर ठरला, गायिकेला सूर सापडेना आणि श्रोत्यांपर्यंत एकही स्वर सुटा पोहोचला नाही. त्या संध्याकाळी आवाज वाढवणे हा उपाय नव्हता. बेसचे बटण मध्यावर आणून 400 ते 800 हर्ट्झचा पट्टा थोडा उचलताच, आवाजाची एकूण पातळी होती तेवढीच असूनही, प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येऊ लागला.

वाद्याची निवड

आजच्या बेस गिटारची घडण मुख्यत्वे लिओ फेंडर यांच्या 1951 च्या प्रिसिजन बेसवरून ठरली. पट्ट्यांमुळे, म्हणजे फ्रेट्समुळे, स्वर अचूक लागतो, हा अर्थ त्या नावातच आहे. तारेच्या दोन टेकूंमधील लांबीला स्केल म्हणतात. या वाद्यात ती 34 इंच, म्हणजे सुमारे 86 सेंटिमीटर, आहे आणि तेच माप पुढे प्रमाण मानले गेले. शॉर्ट स्केल बेसमध्ये ही लांबी साधारण 30 इंच असते, आणि पॉल मॅकार्टनी यांच्या हातातले व्हायोलिनच्या आकाराचे हॉफ्नर वाद्य याच वर्गातले आहे. लांब स्केलवर पहिल्या चार पट्ट्यांचे अंतर सुमारे 17.8 सेंटिमीटर, तर आखूड स्केलवर 15.7 सेंटिमीटर भरते. हा दोन सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसत असला, तरी लहान हाताच्या किंवा गाता गाता वाजवणाऱ्या वादकाला तीन तासांनंतर तो मनगटात जाणवतो. आखूड स्केलचा आवाज गोलसर असतो, मात्र तिच्यावरची ई तार किंचित सैल वाटते, आणि ती आपल्या बोटांना मानवते का, हे वाजवूनच ठरवावे लागते.

तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या चुंबकीय भागाला पिकअप म्हणतात. प्रिसिजन बेसवर 1957 पासून असणारा दुभागलेला पिकअप बाहेरची घरघर स्वतःच रद्द करतो. 1960 मध्ये आलेल्या जॅझ बेसवर दोन एकेरी पिकअप असतात, आणि दोन्हींची बटणे पूर्ण उघडी असताना त्यांची घरघर एकमेकांना मारते. एखादे बटण थोडे जरी कमी केले, तरी ती परत येते. भारतातील वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे आणि ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी स्वर 49 हर्ट्झचा आहे, त्यामुळे ही घरघर नेमकी बेसच्या स्वरांमध्ये येऊन बसते. लहान कॅफेत वादक एलईडी दिव्यांच्या आणि फ्रीजच्या शेजारीच उभा असतो. अशा ठिकाणी दुभागलेला पिकअप किंवा घरघर रोखणारा अन्य पिकअप असणे ही गरजच समजावी.

ज्या बेसमध्ये बॅटरीवर चालणारे ध्वनिनियंत्रण असते, त्याला अ‍ॅक्टिव्ह बेस म्हणतात. त्यातली नऊ व्होल्टची बॅटरी केबलचा जॅक लावताच खर्च होऊ लागते, मग वाद्य वाजत असो वा नसो. साउंड चेकनंतर जॅक तसाच लावून ठेवण्याची सवय प्रस्तुत लेखकाला कार्यक्रमाच्या मध्यावर भोवली : आवाज आधी फाटू लागला आणि दोन गाण्यांत बंद पडला. जॅक काढून ठेवणे, पेटीत नवी बॅटरी बाळगणे आणि खरेदी करताना बॅटरीविनाही चालण्याची सोय वाद्यात आहे का ते पाहणे, हे तिन्ही उपाय जवळपास फुकटचे आहेत.

वाद्याचे वजन आणि तोल यांची परीक्षा बसून होत नाही. पट्टा गळ्यात घालून उभे राहावे आणि दोन्ही हात सोडावेत. वाद्याची मान खाली झुकत असेल, तर ती सावरण्यात डावा हात रात्रभर अडकून राहतो. शिवाय कोकणात आणि गोव्यात पावसाळी दमटपणामुळे लाकडी मान वाकते. पहिली पट्टी आणि मान धडाला मिळते तेथील पट्टी अशा दोन जागी तार दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या पट्टीजवळ तिच्याखालची फट पाहावी. ती साध्या पोस्टकार्डाच्या जाडीइतकी असावी. फट जास्त असल्यास मानेतील पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, एका वेळी पाव वळणाहून अधिक फिरवू नये.

अ‍ॅम्पची निवड

अ‍ॅम्पच्या पाटीवरील वॅटचा आकडा ग्राहकाला सर्वाधिक भुलवतो. शक्ती दुप्पट केली, तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती, लागते. याउलट एका वॅटला एक मीटर अंतरावर 99 डेसिबल देणारा स्पीकर 100 वॅटवर जेवढा आवाज करतो, तेवढ्यासाठी 93 डेसिबलच्या स्पीकरला 400 वॅट लागतात. म्हणून वॅटच्या आधी स्पीकरची संवेदनशीलता विचारावी. अँपेग कंपनीचा 1960 मधील बी-15 हा अवघ्या 25 वॅटचा अ‍ॅम्प पंधरा इंची स्पीकरच्या जोरावर ध्वनिमुद्रणगृहांतून नावारूपाला आला, तर त्याच कंपनीचा 1969 चा 300 वॅटचा एसव्हीटी भल्यामोठ्या मंचांसाठी घडवला गेला. कॅफेत वाजवणाऱ्याने आपली गरज पहिल्याच्या जवळची आहे, हे ओळखावे.

प्रस्तुत लेखकाने हे न ओळखता उद्याच्या मोठ्या मंचाच्या आशेने चार स्पीकरांची जड पेटी घेतली, जिना नसेल तेथेच ती नेता आली आणि तिचा आवाज कधी पाव भागावरही गेला नाही. मग दुसऱ्या टोकाला जाऊन घेतलेला 30 वॅटचा सरावाचा अ‍ॅम्प ड्रमसेटपुढे पहिल्याच गाण्यात फाटला. या दोन अनुभवांतून निघालेले त्याचे माप असे आहे : ड्रमसेट नसलेल्या, म्हणजे कहोन, तबला किंवा नुसती गिटार असलेल्या मैफलीस 50 ते 100 वॅट पुरतात, आणि ड्रमसेट असल्यास दहा किंवा बारा इंची चांगल्या स्पीकरसह 200 ते 300 वॅट लागतात. आज हे हलक्या वजनात शक्य झाले आहे, कारण क्लास-डी पद्धतीत ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद राहून फार थोडी उष्णता वाया घालवतात, स्विचिंग वीजपुरवठ्यामुळे जड ट्रान्सफॉर्मर गेला आहे आणि निओडिमियमच्या चुंबकांनी स्पीकर हलके केले आहेत.

ओहम या आकड्याकडेही दुर्लक्ष करू नये. 4 ओहमला 500 वॅट देणारा अ‍ॅम्प 8 ओहमच्या एकाच पेटीला सुमारे 300 वॅटच देतो. तशीच दुसरी पेटी जोडली की एकूण भार 4 ओहम होतो. अ‍ॅम्पने सांगितलेल्या किमान ओहमच्या खाली गेल्यास तो जळू शकतो. अ‍ॅम्प आणि पेटी यांच्यामध्ये जाड तारेची स्पीकर केबलच वापरावी, वाद्याची बारीक केबल तेथे चालत नाही. 30-40 हर्ट्झखालचा भाग कापणारा हाय-पास फिल्टर असल्यास लहान स्पीकर निरुपयोगी हेलकाव्यांपासून वाचतो.

वीज आणि मिक्सर

लहान अ‍ॅम्पमध्ये डीआय निर्गम, म्हणजे मिक्सरला थेट आणि घरघरमुक्त संकेत देणारी जागा, असणे सर्वांत मोलाचे आहे. तिच्यामुळे अ‍ॅम्पने केवळ वादकांना ऐकवायचे आणि श्रोत्यांना ऐकवण्याचे काम सभागृहाच्या स्पीकरांनी करायचे, अशी वाटणी होते. घरघर आली, तर डीआयवरील ग्राउंड-लिफ्ट बटण दाबावे. मात्र विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये, कारण बेसच्या तारा वादकाच्या हातात आणि माइक ओठांपाशी असतो आणि सदोष अर्थिंगमध्ये या दोघांतून वाहणारा धक्का जीव घेऊ शकतो.

अमेरिकेतील नातलगाकडून स्वस्तात अ‍ॅम्प मागवण्याचा मोह अनेक मराठी घरांत होतो. तेथील वीज 120 व्होल्टची, येथील 230 व्होल्टची; प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. प्रस्तुत लेखकाचा एक अ‍ॅम्प असाच पहिल्या मिनिटात धुरासह निकामी झाला, आणि मागील पाटीवर 120 हा एकच आकडा छापलेला होता, तो त्याने नंतर वाचला. पाटीवर 100 ते 240 व्होल्ट असे लिहिलेले नसेल, तर असा अ‍ॅम्प घेऊ नये. व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे वजन हलक्या अ‍ॅम्पचा सारा लाभ संपवते.

जागेची परीक्षा

भिंतीलगत, त्यातही कोपऱ्यात, ठेवलेल्या अ‍ॅम्पचा खर्ज फुगतो. म्हणून तो कोपऱ्यापासून दूर आणि खुर्चीवर किंवा तिरक्या स्टँडवर, वादकाच्या कानाकडे तोंड करून ठेवावा. समोरासमोरच्या दोन भिंतींत साडेतीन मीटर अंतर असलेल्या खोलीत 49 हर्ट्झच्या सुमारास, म्हणजे पुन्हा त्याच तिसऱ्या पट्टीच्या जी स्वरावर, हवा घुमते. तो एकच स्वर धडधडतो आणि शेजारचे स्वर बुडतात. अशा वेळी सगळा बेस कमी करण्याऐवजी तेवढाच पट्टा कमी करावा, किंवा तो स्वर सप्तकभर वर घ्यावा. खर्ज भिंतींतूनही सहज पलीकडे जातो, आणि 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल असल्याने, शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार अ‍ॅम्प निवडतानाच करावा.

यावरून खरेदीची रीत ठरते. वाद्य आणि अ‍ॅम्प दुकानात एकट्याने वाजवून पसंत करू नयेत. परत करण्याची मुदत मागून घ्यावी किंवा भाड्याने आणावेत, आणि आपल्याच गायकासह, आपल्याच तालवाद्यासह एक पूर्ण तालीम करावी. सहा मीटरची लांब केबल लावून वादकाने वाजवता वाजवता अ‍ॅम्पपासून दूर, श्रोता बसेल तेथपर्यंत चालत जावे, कारण अ‍ॅम्पला पोटऱ्या टेकून उभ्या असलेल्या माणसाला त्याचा खरा आवाज कळत नाही. तेथे उभे राहून गाण्याचे शब्द ऐकू येतात का, तालाचा पहिला ठोका आणि बेसचा स्वर एकत्र पडतात का आणि ई तारेवरचे चार स्वर चार म्हणून ओळखू येतात का, हे पाहावे. या तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर पाटीवरचा आकडा लहान असला, तरी ते वाद्य आणि तो अ‍ॅम्प त्या मैफलीला पुरेसे आहेत. आणि हे उत्तर स्वतःच्या कानापेक्षा गायकाला विचारून घ्यावे, कारण बेस वाजतो तो त्याच्यासाठी.