खडक चढणारी गाडी हळू का चालते?

नवी गाडी दिसली की आपण पहिला प्रश्न विचारतो, "टॉप स्पीड किती?" रॉक क्रॉलर बग्गीच्या बाबतीत हा प्रश्न उलटा विचारावा लागतो. बंद न पडता ती किती हळू चालू शकते? मोठमोठ्या दगडांवरून आणि कोरड्या ओढ्यातून वाट काढणारी ही गाडी असते. तिला दारे नसतात, पत्रा जवळजवळ नसतो, असतो तो लोखंडी नळ्यांचा सांगाडा. हौशी लोक जुन्या जीपचे किंवा जिप्सीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल वापरून ती घरच्या वर्कशॉपमध्ये बांधतात. वेल्डिंगला हात लावण्याआधी कागदावर कोणते गणित करायचे, ते या लेखात पाहू.

१. गिअरचे गणित

समजा, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आहे, ट्रान्सफर केसमधल्या 'लो'चे २.५ आहे आणि एक्सलचे ४ आहे. तिन्हींचा गुणाकार ४०. म्हणजे इंजिन ४० वेळा फिरते, तेव्हा चाक एकदा फिरते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी नुसते चालू असेल, तर चाक मिनिटाला २० फेऱ्या घेईल. टायरचा व्यास ०.७५ मीटर धरला तर परीघ सुमारे २.३६ मीटर होतो. गाडी मिनिटाला ४७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २.८ किलोमीटर जाईल.

परेडवर 'धीरे चल'ला आपण मिनिटाला ७० पावले टाकतो. पाऊल ३० इंचांचे, म्हणजे मिनिटाला सुमारे ५३ मीटर. ही बग्गी त्याहूनही थोडी हळू आहे!

या हळूपणाचा फायदा जोरात मिळतो. इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १०० न्यूटन-मीटर असेल तर चाकांपाशी तो घर्षण सोडून ४,००० न्यूटन-मीटर होतो. त्याला टायरच्या त्रिज्येने, ०.३७५ मीटरने भागले की गाडीला पुढे ढकलणारे बल सुमारे १०,७०० न्यूटन येते. ९०० किलोच्या बग्गीचे वजन सुमारे ८,८०० न्यूटन. म्हणजे हे बल गाडीच्या वजनापेक्षाही जास्त झाले. टायरची खडकावरची पकड मात्र सहसा वजनापेक्षा कमी असते. म्हणून मोठे इंजिन बसवून चढ चढता येत नाही. जास्तीच्या ताकदीने टायर घसरतो, नाहीतर एक्सल तुटतो.

टायर मोठा घेतला तर? व्यास ०.९ मीटर केला की तेच बल सुमारे ८,९०० न्यूटनवर येते आणि वेग मिनिटाला ५६ मीटर होतो. टायर बदलला की गिअरचे गणित पुन्हा करावे लागते.

२. चाक जमिनीवर टेकले पाहिजे

साध्या डिफरन्शियलची एक अडचण आहे. एक चाक हवेत गेले की ते मोकळे गरगरते आणि जमिनीवरचे दुसरे चाक जागेवरच राहते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, डिफरन्शियल लॉक करणे, म्हणजे एका एक्सलची दोन्ही चाके सारखीच फिरतात. दुसरा, चाक हवेत जाऊच न देणे. त्यासाठी अखंड एक्सल आणि लांब हालचाल करणारी स्प्रिंग वापरतात. एक चाक दगडावर चढले की त्याच एक्सलचे दुसरे चाक खाली दाबले जाते.

टायरमधली हवाही कमी करतात. मऊ टायर दगडाला बिलगतो आणि पकड वाढते. पण हवा फार कमी झाली तर टायर रिमवरून निसटतो. म्हणून अशा गाड्यांना टायरची कड रिमवर बोल्टने आवळून धरणारी कडी लावतात.

३. उंची आणि कलंडणे

खाली दगड लागू नये म्हणून गाडी उंच करावीशी वाटते. इथे नववी-दहावीची त्रिकोणमिती उपयोगी पडते. दोन चाकांमधले अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७५ मीटर उंच असेल, तर ०.७५ भागिले ०.७५ म्हणजे १. टॅन्जंट १ असलेला कोन ४५ अंश. आडव्या उतारावर गाडी तेवढी कलेपर्यंत उभी राहील. गुरुत्वमध्य फक्त १५ सेंटिमीटर वर नेला की हाच कोन सुमारे ४० अंशांवर येतो. प्रत्यक्षात स्प्रिंग दबते आणि चालक हलतो, त्यामुळे तो आणखी कमी होतो. म्हणून इंजिन, बॅटरी आणि टाकी शक्य तितक्या खाली बसवायच्या.

४. आधी पिंजरा, मग इंजिन

रॉक क्रॉलर कधीतरी कलंडणारच, असे धरून तो बांधतात. म्हणून चालकाभोवतीचा पिंजरा हा या गाडीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. याचा चांगला नमुना 'बाहा' स्पर्धेत दिसतो. १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही स्पर्धा २००७ पासून भारतातही होते. मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या चाचणी मैदानावर अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या एक आसनी गाड्या घेऊन उतरतात. पिंजऱ्याच्या मुख्य नळीचा बाहेरचा व्यास सुमारे २५ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर आणि पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के, असा तिथला मूळ नियम आहे. वेल्डिंगचे नमुने तोडून दाखवावे लागतात. इंजिन बंद करण्याचे एक बटण चालकाच्या हाताशी आणि एक गाडीच्या बाहेरून पोहोचेल असे लागते. पट्टे सोडून चालकाला ५ सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे.

घरी बांधताना कोणी परीक्षक येत नाही. म्हणून हे नियम आपणच आपल्याला लावायचे. पाण्याचे किंवा फर्निचरचे पाइप पिंजऱ्याला कधीही चालत नाहीत. वेल्डिंग जाणकार माणसाकडूनच करून घ्यावे.

५. ती रस्त्यावर का आणायची नाही?

सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप बनवली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नाही, तिला आज ना उद्या अडवले जाईल, हेही त्यांनी सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. कारागिरी अस्सल असली तरी रस्त्याची परवानगी वेगळी असते, हे यातून कळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले.

दिल्लीतला कोपर्निकस मार्ग आपल्या पालकांना तिथल्या जुन्या महाराष्ट्र सदनामुळे ठाऊक असेल. त्याच मार्गावर फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित लवादाचे मुख्य पीठ आहे. १५ वर्षांहून जुन्या गाड्या आणि १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या दिल्लीच्या रस्त्यांवरून हटवण्याचे आदेश याच लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिले. त्यांवर पुढेही न्यायालयात सुनावण्या होत राहिल्या. बग्गी बांधणाऱ्याने यातून एवढे ध्यानात ठेवावे की जुन्या गाडीचे सुटे भाग उपयोगी पडतात, पण त्यांच्याबरोबर तिचा रस्त्यावर चालण्याचा हक्क येत नाही. भाग घेताना पावती घ्यावी, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडत नाही.

तयार बग्गी ट्रेलरवर चढवून न्यावी आणि स्वतःच्या किंवा मालकाने परवानगी दिलेल्या जागेतच चालवावी. गडकिल्ल्यांच्या वाटा आणि कासच्या पठारासारखे सडे ही तिची जागा नव्हे. तिथली मातीची पातळ साय चाकाखाली गेली की लवकर भरून येत नाही. शिवाय १८ वर्षांखालील मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

मग आपण आत्ता काय करू शकतो? एक खेळण्यातली गाडी घ्या. ती फळीवर आडवी ठेवा आणि खालच्या चाकांना पट्टीचा अडसर लावा. फळी हळूहळू उचला आणि गाडी कोणत्या कोनाला कलंडते ते कोनमापकाने मोजा. मग टपावर शिशाचा तुकडा चिकटवून पुन्हा मोजा, नंतर तोच तुकडा खाली चिकटवून मोजा. तिन्ही कोन वहीत लिहा. खऱ्या बग्गीत बॅटरी कुठे बसवायची, याचे उत्तर त्या तीन आकड्यांतच सापडेल.