समुद्राचे घड्याळ

मंडळी, आपल्या नदीला पूर येतो तो पावसाळ्यात. समुद्राचे तसे नाही. त्याचे पाणी साधारण दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. पाणी चढते तिला भरती म्हणतात. उतरते तिला ओहोटी म्हणतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याची फजिती होते. कधीकधी जिवावरही बेतते. एका जोडप्याची गोष्ट ऐका.

घाटावरच्या एका खेड्यातले हे नवराबायको. त्यांना आपण कारभारी आणि कारभारीण म्हणू. दोघेही पन्नाशी उलटल्यावर लिहावाचायला शिकले. मार्गशीर्षात सुगी आटोपली आणि दोघे द्वारकेला निघाले. वाटेत एक दिवस मुंबईत थांबायचे होते. सकाळी उतरायचे आणि रात्री पुढची गाडी धरायची. सामान बेताचेच होते. कारभाऱ्यांच्या पाठीवर नातवाचे जुने दप्तर आणि कारभारणीच्या काखेत एक गाठोडे. हमालाचे पैसे वाचले.

मुंबईला उतरून ते बसने गिरगाव चौपाटीवर आले. बस मरीन ड्राइव्हवरून गेली. हा रस्ता समुद्राच्या कडेने विळ्यासारखा वळलेला आहे. रात्री त्यावरचे दिवे लागले की हारासारखे दिसतात. चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. सन १९२० मध्ये लोकमान्यांच्या देहाला इथेच अग्नी दिला. दोघांनी पुतळ्याला हात जोडले.

समोर समुद्र! एवढे पाणी दोघांनी जन्मात पाहिले नव्हते. पाणी खूप आत गेले होते. पुढे रुंद, ओलसर, टणक वाळू होती. कारभारी म्हणाले, "इथंच टेकू जरा. बसायला जागा झ्याक हाय."

रात्रभर गाडीत झोप नव्हती. दप्तर उशाला घेऊन कारभारी आडवे झाले. कारभारणीने गाठोडे बाजूला ठेवले. तिचाही डोळा लागला.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदम आरडाओरडा ऐकू आला. "अगो बाय, ऊठ! पाणी आलं!" एक म्हातारी कोळीण हात हलवून सांगत होती. दोघे धडपडत उठले. लाट पायाशी आली होती. गाठोडे भिजून चिंब झाले होते. तिकिटे दप्तरात होती म्हणून वाचली.

म्हातारीने त्यांना वर कोरड्या वाळूत आणले. वाळूवर काड्या, फुले आणि नारळाच्या शेंड्या यांची एक लांब ओळ पडली होती. म्हातारी म्हणाली, "ही रेघ बघा. मागच्या भरतीचं पाणी इथवर आलं होतं. ओल्या वाळूत बसायचं नाही. ती जागा आपली नाही, दर्याची आहे."

कारभारणीने विचारले, "आजी, पाणी कवा येनार ते तुम्हांला कसं कळतं?"

म्हातारी हसली. "तिथीवरून. आज तिथी कुठली?"

"संकष्टी. मला उपास हाय. म्हंजे चतुर्थी."

"मग चाराची पाऊणपट कर."

कारभारीण वर्गात गणित शिकली होती. चार त्रिक बारा. बाराला चारांनी भागले, उत्तर तीन. म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. तिथून सहा तास मागे गेले की सकाळी नऊची ओहोटी. म्हणून तर सकाळी वाळू एवढी उघडी होती!

कारभाऱ्यांनी भेळ खाल्ली. कारभारणीने शहाळ्याचे पाणी घेतले. मग दोघांनी महालक्ष्मीचे दर्शन घेतले आणि हाजी अलीच्या दर्ग्याकडे गेले. हा दर्गा समुद्रात खडकावर आहे. तिथे सर्व धर्मांचे लोक जातात. किनाऱ्यापासून दर्ग्यापर्यंत एक अरुंद वाट आहे. भरतीला ही वाट पाण्याखाली जाते.

सव्वा वाजला होता. वाट अजून कोरडी होती. कारभारी म्हणाले, "चल, पटकन जाऊन येऊ."

कारभारीण जागची हलली नाही. ती म्हणाली, "अहो, तीनला भरती हाय. जायला वेळ, यायला वेळ, दर्शनाला वेळ. मधीच पानी आलं तर? सकाळी गाठोडं भिजलं. आता आपन भिजू."

कारभाऱ्यांना राग आला. बायकोने चारचौघांत अडवलेले त्यांना रुचले नाही. पण सकाळची लाट आठवली आणि ते मुकाट्याने कठड्यावर बसले. थोड्या वेळाने लाटा वाटेच्या कडेला थडकू लागल्या. मग वाटेवरून पाणी वाहू लागले. शेवटी वाट दिसेनाशी झाली. कारभारी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझं गणित खरं ठरलं." पाणी उतरल्यावर, संध्याकाळी, दोघांनी कोरड्या पायांनी जाऊन दर्शन घेतले.

असे का होते?

चंद्र पृथ्वीला आपल्याकडे ओढतो. त्या ओढीमुळे समुद्राचे पाणी चंद्राच्या बाजूला फुगते. पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूलाही असाच फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. म्हणून आपला किनारा दोन्ही फुगवट्यांखालून जातो आणि दोन भरत्या येतात. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येते. तिथीची पाऊणपट करायची ती याचसाठी.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्याची ओढही चंद्राच्या ओढीला मिळते. तेव्हा पाणी फार चढते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते. त्याला भांग म्हणतात.

भरतीचा संबंध शहराच्या पुराशीही आहे. पावसाचे पाणी नाल्यांतून समुद्राला मिळते. भरतीच्या वेळी समुद्र ते पाणी घेत नाही. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच भरती होती. पाण्याला वाट मिळाली नाही आणि शेकडो माणसे दगावली.

ध्यानात ठेवा

१. तिथीला तीनने गुणा आणि चाराने भागा. येईल ती भरतीची वेळ. शुद्ध पक्ष असो की वद्य, रीत तीच. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो.

२. ही रीत मुंबईची आणि कोकणपट्टीची. दुसऱ्या किनाऱ्यावर वेळा निराळ्या असतात.

३. केवळ गणितावर विसंबू नका. किनाऱ्यावरची पाटी वाचा. जीवरक्षकाला आणि कोळी बांधवांना विचारा. त्यांनी नको म्हटले की पाण्यात उतरू नका.

४. भरती चढत असताना ओल्या खडकांवर बसू नका. पावसाळ्यात तर मुळीच नको.

रात्री दोघे द्वारकेच्या गाडीत बसले. गाडी सुटल्यावर कारभारीण खिडकीतून आभाळाकडे पाहत राहिली. चंद्र उगवला. तिने हात जोडले, डब्यातली भाकरी सोडली आणि अर्धी कारभाऱ्यांना दिली. मग ती म्हणाली, "अहो, आज दिवसभर ह्यानंच समुद्र हलवला म्हनायचा."

सांगा पाहू

१. कारभाऱ्यांचे गाठोडे का भिजले?
२. आज पंचमी आहे. मुंबईला भरती किती वाजता येईल?
३. अष्टमीला ओहोटी किती वाजता असेल?

(उत्तरे : दुसऱ्याचे पावणेचार. तिसऱ्याचे बारा. पहिल्याचे तुम्ही सांगा.)