सुटलेलं चामडं

कोल्हापूर, वैशाख

चि. भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तुझा आवाज असा होता की मामीला वाटलं, कुठे धडकलास की काय. मग कळलं, हौसेनं घेतलेल्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचं चामडं काचेच्या कडेला सुटून वर आलंय आणि तू गोंदाची ट्यूब हातात धरूनच मामाला विचारतोयस. ती ट्यूब आधी खाली ठेव. हाच उद्योग मामानं आपल्या पहिल्या गाडीवर केला होता. क्षणात चिकटणारा गोंद फटीत पिळला आणि अंगठ्यानं दाबून धरलं. चामडं चिकटलं, अंगठाही चिकटला. महिनाभरात गोंद काचेसारखा कडक होऊन तडकला, कडेला पांढरी भुकटी उमटली, आणि चामडं आधीपेक्षा बोटभर जास्त वर आलं. मामी ती गोष्ट अजून पाहुण्यांना रंगवून सांगते.

गोंद ही शेवटची गोष्ट. आधी चामडं का सुटलं ते बघ.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात संशोधकांनी उन्हात आणि सावलीत गाड्या उभ्या करून आतलं तापमान मोजलं होतं. ते निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तासभर उन्हात राहिलेल्या गाडीत हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, पण डॅशबोर्ड ६९ अंशांवर. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८ च्या आसपास राहिला. म्हणजे नुसत्या सावलीनं वीस अंश वाचले. तुझ्या पुण्याचं ऊन ॲरिझोनाइतकं नसेल, पण तुझ्या ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी रोज तास नव्हे, सारा दिवस तापते.

या तापानं दोन गोष्टी एकदम होतात. खालचा गोंद मऊ पडतो आणि वरच्या चामड्यातली ओल उडून ते आक्रसतं. आजीचे गच्चीवरचे पापड आठव. कडा वर यायला लागल्या की ती म्हणायची, वाळले. तसंच हे. डॅशबोर्डला जिथे आत गेलेला बाक असतो, तिथे आक्रसणारं चामडं खोलगट भागात बसून न राहता सरळ ताणलं जातं आणि मधे पोकळी धरतं. म्हणून ते सपाट भागात सहसा सुटत नाही. काचेची कड, एसीच्या जाळीभोवतालची जागा आणि मीटरवरची कमान इथे सुटतं.

गंमत अशी की डॅशबोर्ड मुळात चामड्याचाच. घोडागाडीच्या काळात टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी आडवी फळी लावत, तिला हे नाव होतं, आणि ती बऱ्याचदा चौकटीवर ताणलेल्या चामड्याची असे. त्या चामड्यावर ना काचेतून आलेलं कोंडलेलं ऊन, ना मागे गोंद.

आता तुझ्या गाडीत खरंच चामडं आहे का, तेही तपास. विकणारा 'लेदर' म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नकोस. सुटलेली कड हळूच उलटून मागची बाजू बघ. विणलेलं किंवा जाळीदार कापड दिसलं तर ते रेक्झिन किंवा त्याच्या जातीचं. बारीक तंतूंची, मखमलीसारखी पाठ असेल तर चामडं. (रेक्झिन हे मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचं नाव. कंपनी विस्मरणात गेली, नाव आपल्या सोफ्यांवर आणि रिक्षांच्या सीटवर राहिलं.) रेक्झिनला ओल देऊन काही मिळत नाही, ते फक्त उबेनं सैल होतं. चामडं उबेनं आणि किंचित दमटपणानं सैल पडतं. बेतानं मात्र. एकदा भाजून कडक झालेलं चामडं पुन्हा मऊ होत नाही.

चामड्याच्या गोष्टी कोल्हापूरकरांनी सांगाव्यात. आपल्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. तिचं चामडं परंपरेनं हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेलं, आणि शिवण चामड्याच्याच वादीची. कारागीर तळाचे थर ओलसर असताना ठोकून बसवतो, मग शिवतो. चामडं आधी जागेवर बसायला राजी झालं पाहिजे, बांधायचं त्यानंतर. गाडीचं चामडं बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, पातळ आणि वर रंगाचा थर दिलेलं असतं, त्यामुळे त्याला चपलेसारखं भिजवायचं नाही. पण क्रम तोच.

तेव्हा पहिली परीक्षा गोंदाविना. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं सुटलेल्या भागाच्या मागून-पुढून फिरव, केस वाळवायचा ड्रायर वीतभर लांब धरून हलता ठेव आणि चामडं हातानं जुन्या रेषेवर नेऊन बघ. जुनी रेष गोंदाच्या डागावरून कळते. ते बळजबरी न करता तिथवर पोचलं, तर काम घरी होईल. अर्धा सेंटिमीटर कमी पडत असेल आणि ओढून धरावं लागत असेल, तर कुठलाही गोंद पुढच्या मे महिन्यापर्यंत टिकणार नाही. मग पॅनेल उतरवून नवं चामडं चढवणाऱ्या ट्रिमरकडेच जायचं. पैसे जातील, पण एकदाच.

पोचलं असं धरून पुढचं सांगतो. जेवढं सुटलंय तेवढंच उघड, आणखी सोलू नकोस. जुना गोंद आणि भुगा झालेला फोम लाकडी पट्टीनं खरवडून काढ. रापी किंवा ब्लेड लावलंस तर चामड्याला भोक पडलंच म्हणून समज. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं फक्त खालचं प्लॅस्टिक पुस. चामड्याच्या रंगाला ते लागू देऊ नकोस. हे पुसणं टाळायचं नाही, कारण आधीच्या मालकानं चकाकीसाठी सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं असणार आणि सिलिकॉनवर कुठलाच गोंद धरत नाही.

गोंद म्हणजे चांभार ज्याला सोल्युशन म्हणतात त्या जातीचा, सिंथेटिक रबराचा, पण उष्णता सोसणारा. किती अंश सोसतो ते डब्यावर लिहिलेलं असेल तोच घे. सुताराचा पांढरा गोंद नको. तो पाण्याचा, चामडं भिजवतो आणि उन्हात पुन्हा मऊ पडतो. दोन्ही पृष्ठभागांवर ब्रशनं पातळ थर लाव आणि मधे आइस्क्रीमच्या काड्या घालून ते वेगळे ठेव. पंधरा मिनिटं किंवा डब्यावर सांगितलं असेल तेवढा वेळ थांब. बोटाला चिकचिक लागते पण गोंद बोटावर येत नाही, ही वेळ. मग काड्या एकेक काढत, मधून कडेकडे, फडक्यात गुंडाळलेल्या चमच्याच्या पाठीनं दाबत जा. हा गोंद टेकला की टेकला, सरकवायला वाव नाही.

वर वजन म्हणून वाळूची पिशवी ठेव. जुन्या पायजम्याचा पाय शिवून वाळू भरली की झालं. ती बाकात बरोबर बसते, विटेनं फक्त खळगे पडतात. चोवीस तास हात लावायचा नाही. चारही दारं उघडी, गाडी सावलीत, जवळ उदबत्तीसुद्धा नको. त्या गोंदाची वाफ पेटते आणि डोकंही धरते.

आता जे मामा ओरडून सांगेल ते. डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर आणि त्याच्या कडांना हात लावायचा नाही. आपल्याकडे चालकाच्या शेजारची एअरबॅग नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली, पण तुझ्या गाडीसारख्या महागड्या जुन्या गाड्यांत ती आधीपासूनच आहे. तिथलं चामडं वेळ आली की फाटावं म्हणून मागून खाच दिलेली असते किंवा मुद्दाम कच्च्या दोऱ्यानं शिवलेलं असतं. पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते. त्यात तुझा गोंद आडवा आला तर ती वेळेवर किंवा सरळ उघडणार नाही. तिथे पोकळी दिसली तर दिसू दे, आणि गाडी अधिकृत केंद्रात दाखव. शेजारी बसणार आहे तुझी आई.

ती आई तुला चपलेसारखं तेल चोळायला सांगेल. बहिणीचा मान राखून मामा नाही म्हणतोय. तेल फटीतून गोंदाखाली झिरपतं, आणि तापलं की त्याची वाफ काचेवर धुरकट थर धरते. सीटला लावतात ते चामड्याचं कंडिशनर वर्षातून दोनदा, फडक्यावर थेंबभर, पुरे. काचेला आतून चंदेरी पडदा मात्र रोज. इथल्या नव्या राजवाड्यातली जुनी मेबॅक मोटार दसऱ्याला दसरा चौकात येते, एरवी राजवाड्यातच असते. तेवढं राजेपण तुझ्या गाडीला परवडणार नाही, पण झाडाची सावली फुकट आहे.

हे काम आत्ता करू नकोस. उन्हात गोंद जमायच्या आत सुकेल, आणि पावसाळ्यात दमट हवेत चामडं ओल धरून फुगलेलं असतं, तेव्हा चिकटवलेलं हिवाळ्यात पुन्हा ओढ घेतं. तोवर सुटलेल्या भागावर काही दाबून ठेवू नकोस आणि चिकटपट्टी लावू नकोस. ती काढताना रंग घेऊन येते.

दिवाळीला गाडी घेऊनच ये. उद्यमनगरातून गोंद आणि ब्रश मामा आणून ठेवेल, वाळू अंगणात आहे. काम झाल्यावर चोवीस तास गाडी हलणार नाही, तेव्हा रजा दोन दिवस जास्तीची टाक.

तुझा,
मामा