कॉर्पोरेट लॉचा ध्यास नको, आधी कायदा वाचता यायला हवा

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि जूनमध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मला फोन सुरू होतात. पावसाळी बंदीमुळे बोटी बंदरात उभ्या असतात आणि मुलांच्या शिक्षणाचा विषय घराघरांत निघतो. प्रश्न दरवर्षी तेच. "क्लॅटसाठी मुलीला पुण्याला क्लासला ठेवू का?" "बीबीए एलएलबी केलं की मोठ्या कंपनीत लागेल ना?" "पॅकेज किती मिळेल?" मुलीला वाचायला आवडतं का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

माझं उत्तर रोखठोक आहे. कॉर्पोरेट लॉच्या नावाखाली कर्ज काढू नका, बोट गहाण ठेवू नका. क्लॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या पेपरात दोन तासांत 120 प्रश्न असतात आणि ते उताऱ्यांवर बेतलेले असतात. कायद्याचं आधीचं ज्ञान त्यात तपासत नाहीत; वाचलेलं नीट समजतं का, हे तपासतात. ज्या मुलाने दहावीनंतर पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही वाचलेलं नाही, त्याला दोन वर्षांचा क्लास वाचक बनवू शकत नाही.

कायद्याच्या शिक्षणाच्या मार्गांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती माहिती कुठेही मिळते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा. राज्यातल्या महाविद्यालयांसाठी सीईटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. रत्नागिरीत श्रीमान भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे. तिथे शिकणं म्हणजे हरणं, ही समजूत पालकांनी आधी डोक्यातून काढावी.

खरा प्रश्न महाविद्यालयाच्या नावाचा नाही. कायद्याच्या अभ्यासक्रमात दोन विषय आहेत ज्यांना मुलं घाबरतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तयार नोट्सवर उरकतात: विधिशास्त्र, म्हणजे ज्युरिस्प्रुडन्स, आणि कायद्याचा अर्थ लावण्याचं शास्त्र, म्हणजे इंटरप्रिटेशन ऑफ स्टॅट्यूट्स. हे तात्त्विक विषय असून त्यांचा धंद्यात उपयोग नाही, असं सीनियर विद्यार्थीच ज्युनियरांना सांगतात. इतकं चुकीचं मत दुसरं नसेल, आणि ते पटवायला मला मिरकरवाडा बंदराबाहेर जावं लागत नाही.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 सालचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'मत्स्यव्यवसाय' राज्य सूचीत आहे, तर प्रादेशिक समुद्राबाहेरची मासेमारी केंद्राच्या सूचीत. प्रादेशिक समुद्र 12 सागरी मैलांपर्यंत. राज्याने 2016 मध्ये आदेश काढून पर्ससीन, म्हणजे मासळीचा थवा वेढून पकडणाऱ्या जाळ्यांवर निर्बंध आणले. आता समजा, एका नाखव्याने, म्हणजे बोटमालकाने, 12 मैलांपलीकडे पर्ससीनने मासे पकडले आणि तो मिरकरवाड्याला परत येतोय. येताना राज्याचा समुद्र ओलांडावाच लागतो. बोटीवर जाळं आहे, मासळी आहे. गस्ती नौकेने अडवलं. त्याने राज्याचा कायदा मोडला का?

नाखवा म्हणेल, नाही. किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणकर म्हणेल, हो, आमच्या तोंडचा घास गेला. वकिलाला असं चटकन बोलता येत नाही. त्याला आधी व्याख्येचं कलम उघडावं लागतं, मग आदेशात नेमकी कशाला मनाई आहे ते पाहावं लागतं: मासेमारीला, जाळं वापरण्याला की जवळ बाळगण्याला? त्यानंतर दोन नियम समोरासमोर येतात. दंडाची तरतूद असलेल्या कायद्याचा अर्थ काटेकोर लावायचा आणि शंकेचा फायदा आरोपीला द्यायचा, हा एक. दुर्बलांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याचा अर्थ त्याचा हेतू साधेल असा लावायचा, हा दुसरा. 1981 चा अधिनियम दोन्ही प्रकारांत बसतो. मग कुठला नियम धरायचा? 12 मैलांपलीकडच्या पर्ससीनचा प्रश्न तमिळनाडूच्या मच्छीमारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर गेला. 24 जानेवारी 2023 च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने 12 मैलांपलीकडे पर्ससीनला आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळेत आणि अटींवर परवानगी दिली. त्याआधी केरळच्या खटल्यात, स्टेट ऑफ केरळ विरुद्ध जोसेफ अँटनीमध्ये, राज्याच्या समुद्रातली पर्ससीनबंदी याच न्यायालयाने योग्य ठरवली होती. हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचणारा विद्यार्थी नाखव्याच्याही उपयोगी पडतो आणि रापणकराच्याही.

विधिशास्त्राची गरज याच्याही आधी लागते. समुद्रातली मासळी कुणाची? पकडेल त्याची, सरकारची की सगळ्यांची? सरकार नैसर्गिक संपत्तीचं मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली कमलनाथ प्रकरणात मांडलं. दुसरा प्रश्न निवाड्याचा. 1981 च्या अधिनियमातल्या 2021 च्या दुरुस्तीने दंड वाढले आणि प्रकरणं चालवण्याचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आला. ज्या खात्याची नौका बोट पकडते, त्याच खात्याचा अधिकारी निवाडा करतो. हे नैसर्गिक न्यायाला धरून आहे का? ज्याने विधिशास्त्र मनापासून वाचलं आहे, त्यालाच हा प्रश्न सुचेल.

कायद्याचा अर्थ लावण्याचं हे काम कोकणाला परकं आहे असंही समजू नका. भारतरत्न पांडुरंग वामन काणे कोकणातलेच, आणि पेशाने वकील. धर्मशास्त्राचा इतिहास त्यांनी 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत लिहिला. वाक्याचा अर्थ कसा लावायचा याचे मीमांसेतले नियम त्यांनी त्यात बारकाईने मांडले आहेत.

आता पोटापाण्याचं. सुरुवातीची वर्षं हळू जातात, हे लपवत नाही. पण 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आहे आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. रिट याचिकेसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. मासेमारी परवाने, किनारा नियमन, बंदरातल्या जागांचे वाद ही कामं ज्याला कायदा वाचता येतो त्याच्याकडेच येणार. विधेयकांचे मसुदे करणारा मंत्रालयातला विधी व न्याय विभाग आहे, न्यायमूर्तींचे संशोधन साहाय्यक आहेत, अध्यापन आहे. "पास झाला की लगेच जज" हे मात्र विसरा. 20 मे 2025 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी तीन वर्षांची वकिली सक्तीची केली.

पालकांना एक गोष्ट कठोरपणे सांगायची आहे. घरात जमिनीचा दावा चालू आहे म्हणून पोराला वकील करायचं, हा विचार सोडा. तुमचा खटला लढणं हे त्याचं आयुष्य नाही. मेडिकल हुकलं म्हणून लॉ, हाही नको. अशी मुलं तिसऱ्या सत्रात मनाने बाहेर पडलेली मी पाहिली आहेत. आणि मुलगी जिल्हा न्यायालयात उभी राहते म्हणाली तर "बायकांना तिथे कोण विचारतं" हे वाक्य घरात उच्चारू नका. तिचं सगळ्यात मोठं नुकसान त्या वाक्यानेच होतं.

अर्ज भरायच्या आधी एक करा. 1981 चा तो अधिनियम मिळवा आणि मुलाच्या हातात द्या. पावसाळी बंदीतून पारंपरिक बिगर यांत्रिकी होड्या वगळलेल्या असतात. मग लहान होडीला मागे इंजिन लावलं तर ती बंदीत येते की नाही, एवढाच प्रश्न विचारा आणि दोन दिवस त्याला एकटं सोडा. तो व्याख्या शोधत बसला, बंदरावर जाऊन विचारून आला, तुमच्याशी वाद घालायला लागला, तर फी भरा. पुस्तक तसंच पडून राहिलं, तर त्याच्यासाठी दुसरं क्षेत्र शोधा.