नायक नावडतो, तरी कादंबरी कां आवडते?

"नायक आवडला नाहीं, म्हणून पुस्तकहि आवडलें नाहीं," असें मत विद्यार्थ्यांच्या तोंडून पुष्कळदां ऐकूं येतें. प्रेमकथेविषयीं तर तें अधिकच खरें वाटतें. कारण ज्याचें प्रेम वाचावयाचें, तोच मनांतून उतरला, तर मागें उरलें काय? या शंकेचा विचार आपण एका प्रसिद्ध मराठी कादंबरीच्या आधारें करूं.

वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांनीं शिरोड्याच्या शाळेंत अनेक वर्षें शिक्षकाचें काम केलें. त्यांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ सालीं प्रसिद्ध झाली व तिला १९६० सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. पुढें १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळून ते या मानाचे पहिले मराठी लेखक ठरले. कथेचें मूळ महाभारताच्या आदिपर्वांत आहे. राजा ययातीचा विवाह शुक्राचार्यांची कन्या देवयानी हिच्याशीं होतो; परंतु तिची दासी झालेली राजकन्या शर्मिष्ठा हिच्याशीं त्याचें मन जुळतें. शुक्राचार्यांच्या शापानें त्याला अकालीं वार्धक्य येतें, तेव्हां शर्मिष्ठेचा पुत्र पूरु आपलें तारुण्य पित्याला देतो.

असा हा ययाति आवडावा कसा? तो शूर आहे. पण हातीं आलेल्या सुखापलीकडे त्याची दृष्टि जात नाहीं. शर्मिष्ठा तान्ह्या पुत्रासह वनवास पत्करते. राजा विलासांत दुःख विसरूं पाहतो. शेवटीं तो पोटच्या पुत्राचें तारुण्यहि घेतो. तरी पुस्तक खालीं ठेववत नाहीं. याचीं तीन कारणें दिसतात.

पहिलें कारण कथनाची पद्धति. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा हीं तिघेंहि आपापली हकीकत स्वतः सांगतात. त्यामुळें वाचक न्यायाधीशाप्रमाणें सर्वांचें म्हणणें ऐकतो. देवयानी गर्विष्ठ खरी; पण कचानें तिचें प्रेम नाकारलें, ही जखम तिच्या तोंडून कळली म्हणजे तिचा राग आवडला नाहीं तरी समजतो. आवडणें निराळें आणि समजणें निराळें.

दुसरें कारण असें कीं, नायकाचा दोष हा ग्रंथाचा दोष नव्हे. दुबळा मनुष्य हुबेहूब उतरला, तर तें लेखकाचें यशच होय. एमिली ब्रॉण्टेच्या 'वुदरिंग हाइट्स' (१८४७) या कादंबरींतील सूडानें पेटलेला हीथक्लिफ कोणाला शेजारीं नको असेल. पण त्याची कथा आजहि वाचली जाते.

तिसरें कारण शर्मिष्ठा. प्रेमकथेंतील प्रेम केवळ नायकाचें नसतें. घेण्यास टपलेल्या राजाशेजारीं देण्यांत तृप्त असलेली ही स्त्री उभी राहिल्यानें दोघांचेंहि खरें रूप उठून दिसतें.

मात्र येथें सावध राहिलें पाहिजे. ययाति स्वतः बोलतो आणि गोड बोलतो. ऐकतां ऐकतां त्याला क्षमा करावी असें वाटूं लागतें. अशा वेळीं एकच प्रश्न विचारावा: या मनुष्याच्या सुखाची किंमत कोणी दिली? उत्तर शर्मिष्ठा आणि पूरु असें येतें. पुस्तकांत हा प्रश्न विचारावयास शिकलेला तरुण किंवा तरुणी पुढें संसारांतहि गोड शब्दांना प्रेम समजून फसण्याचा संभव कमी.

लासूर स्टेशनाहून मनमाडकडे निघालेला उतारू डब्यांतले सोबती निवडून घेत नाहीं. नावडत्या सोबत्याच्या बोलण्यांतूनहि मनुष्यस्वभाव कळतो; ग्रंथाचेंहि तसेंच आहे.

आतां विद्यार्थ्यांनीं हा अभ्यास करावा. ययाति जेथें आपल्या वागण्याचें समर्थन करतो, असा एक प्रसंग निवडावा आणि तोच प्रसंग शर्मिष्ठेच्या शब्दांत दहा ओळींत लिहावा. नंतर नायक आवडला कीं नाहीं हें एका वाक्यांत, आणि कादंबरी आवडली कीं नाहीं हें दुसऱ्या वाक्यांत, कारणांसह मांडावें.