जुन्या ट्रॅक्टराचे गिअर ऑइल व सुटे भाग

पिंजोरच्या एच.एम.टी. कारखान्यात १९७१ साली झेटर बनावटीचे २५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर निघू लागले; २०१६ साली केंद्र सरकारने तो विभाग बंद करण्याचे ठरविले. औसा तालुक्यात ज्या बांधवांच्या दारी असे यंत्र अद्यापि असेल, त्यांनी गिअरबॉक्स विशेष जपावा. त्याचे चाक मोडल्यास कारखान्यातून नवे येणे नाही.

तेल बदलताना प्रथम भरावयाचे बूच सैल करून पाहावे. ते न निघाल्यास खालचे सोडू नये. ट्रॅक्टर थोडा चालवून तेल गरम असतानाच काढावे, म्हणजे गाळही निघतो. तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले असे समजावे. करडी भुकटी ही नेहमीची झीज होय. धातूचे तुकडे सापडल्यास मात्र गिअरबॉक्स उघडून पाहावा. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल खुणेपर्यंत भरावे.

बेअरिंगवरील क्रमांक मापाचा असतो: ६२०६ म्हणजे आतील व्यास ३०, बाहेरील ६२ व रुंदी १६ मिलिमीटर. सबब असे बेअरिंग कोणत्याही कंपनीचे चालते. ऑइल सीलही तीन मापांवरून मिळते. गिअरचे चाक मात्र मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरातच शोधावे लागते. तेव्हा जुना भाग नमुन्यास सोबत न्यावा व दात मोजून घ्यावेत.

हे सर्व क्रमांक आजच वहीत उतरून ठेवावेत. आमची उभी नोकरी महसुली दप्तरात गेली. वेळीच केलेली नोंद ऐन पेरणीत खोळंबा टाळील, यात संशय नाही.