मामांची पद्मिनी : जुन्या गाडीत नवे पार्ट घालताना

गेल्या वर्षी वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सहा महिने एक गाडी उभी होती, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. "ही काय भंगारात काढलीये का?" असे विचारणारेही खूप भेटले. ती माझ्या रूम पार्टनरच्या मामांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. मामींनी घरात जाहीर करून टाकले होते, "ब्रेक नीट होणार असतील तर ठेवा, नाहीतर भंगारवाल्याला द्या." मामा आमच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही इंजिनियर होणार ना? मग करा काहीतरी." आम्ही चौघे मेकॅनिकलचे. जोशात हो म्हणून बसलो. त्या सहा महिन्यांत जे शिकलो (आणि एकदा जे जिवावर बेतले) ते इथे लिहितो आहे.

आधी गाडीबद्दल थोडेसे. मूळची ही इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून काढली आणि सत्तरच्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. थिअरी ऑफ मशीन्सच्या पुस्तकातली अर्धी चित्रे या एका गाडीत उघडी पडलेली दिसतात.

आमची पहिली चूक म्हणजे आम्ही सुरुवात रंगापासून केली. रंग कुठला, सीट कव्हर कसली, म्युझिक सिस्टीम कुठे, यावर मेसमध्ये तीन रात्री भांडणे झाली. शेवटी वर्कशॉपच्या मिस्त्रीकाकांनी गाडीखाली बॅटरी मारली आणि स्क्रू-ड्रायव्हर सिलमध्ये खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. "काय इंजिनियर, याला रंग लावणार?"

इथे एक मुद्दा समजून घ्या. जीप किंवा ट्रकला वेगळी चासी असते, बॉडी तिच्यावर बसवलेली असते. या फियाटला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच चासी. म्हणजे दाराखालची सिल, फ्लोअर आणि पाट्यांचे शॅकल जिथे अडकतात ती जागा, हे सगळे भार घेणारे भाग आहेत. तिथला गंज लांबी भरून झाकला तर गाडी दिसायला छान दिसेल, पण खड्ड्यात गेल्यावर दार उघडायचे नाही. आम्ही दोन्ही सिल कापून नव्या पत्र्याच्या केल्या. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल वेल्ड करून ठेवायचा, नाहीतर बॉडी मधून वाकते. वेल्डिंग सीओटूचे केले आणि एका जागी सलग न मारता टाके टाके घेत गेलो. गॅस वेल्डिंगने पत्रा इतका तापतो की नंतर ठोकत बसावे लागते. या कामात अडीच महिने गेले आणि दाखवायला काहीच नाही! हॉस्टेलवर रोज "झाली का गाडी?" ऐकत होतो.

इंजिन बदलायचे की नाही हा दुसरा वाद. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी इंजिने ओळीने मांडलेली असतात आणि तिथे गेलात की "मारुतीचं तेराशेचं टाका, उडेल गाडी" असे सांगणारे दहा जण भेटतात. उडेल हे खरे. पण थांबेल का? मामा आणि तीन माणसे धरून गाडी १२०० किलोची समजा. ताशी ६० किलोमीटरला तिच्यात सुमारे १६७ किलोज्यूल ऊर्जा असते. १०० ला ती ४६३ किलोज्यूल, म्हणजे पावणेतीन पट. वेगाचा वर्ग असतो हे आपण अकरावीत पाठ केलेले असते, पण तेवढी सगळी उष्णता ड्रमच्या बिचाऱ्या पट्ट्यांनी पचवायची असते हे तेव्हा कुणी सांगत नाही. शिवाय कायदाही आड येतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा अर्थ सरळ आहे : कंपनीने ठरवलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारा बदल मनाने करायचा नाही. इंजिन बदलले तर आरसी बुकावर नोंद हवी, आणि ती मिळेलच असे नाही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी आरसी बुक बघते. आम्ही मूळ इंजिनच ठेवले. बोअर केले, हेड फेस करून घेतले, नवीन रिंगा घातल्या. बाकी बदलांसाठीही आधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर पाना हातात घ्या.

पेट्रोलच्या बाजूचे रबर मात्र सगळे बदलले. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. १९८४ च्या गाडीतले नळीचे रबर, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरमधले वॉशर हे त्यासाठी बनलेलेच नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, तडकतात. गरम इंजिनवर नळी गळणे म्हणजे काय ते सांगायला नको. इथेनॉल चालेल अशी नळी मागून घ्या आणि क्लिपही चांगल्या घ्या.

विजेचे काम सगळ्यात कमी पैशात झाले आणि फरक सगळ्यात जास्त दिसला. मामांची तक्रार होती की रात्री दिसत नाही. सगळे म्हणाले वय झालं. आम्ही मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२ व्होल्ट, हेडलाइटच्या टोकाला साडेदहा! जुन्या गाडीत लाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून जातो. दोन बल्बना मिळून साधारण १० अँपिअर लागतात. चाळीस वर्षांची वायर, काळे पडलेले जोड, सगळे मिळून फक्त ०.१५ ओहमचा रोध असला तरी दीड व्होल्ट वाटेतच जातो. आणि बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या जवळजवळ ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज साडेबारा टक्के कमी, तर प्रकाश ३६ टक्के कमी. उपाय म्हणजे दोन रिले, एक लो बीमला आणि एक हाय बीमला. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट रिलेवर आणि तिथून बल्बला. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो. सगळा खर्च एका चांगल्या ट्रीटएवढा. मामांचे डोळे ठणठणीत निघाले.

डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला, कारण डायनॅमो आयडलिंगला चार्जच करत नाही. शहरातल्या सिग्नलवर लाइट, वायपर, हॉर्न सगळे बॅटरीवर जगतात. यात लोक दोन गोष्टी विसरतात. एक, जुना कट-आउटचा डबा सर्किटमधून पूर्ण काढायचा, कारण अल्टरनेटरचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो. दोन, चार्जिंगचा लाल दिवा फुकटचा समजू नका. अल्टरनेटरला सुरुवातीचा फील्ड करंट त्या बल्बमधूनच मिळतो. आमचा बल्ब उडालेला होता, आणि आम्ही दोन दिवस "अल्टरनेटर डुप्लिकेट दिला" म्हणून दुकानदाराला शिव्या घालत होतो.

इग्निशनला काँटॅक्ट पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मोड्यूल घातले. त्यात कॉइल बघून घ्या. ३ ओहमची कॉइल १२ व्होल्टवर ४ अँपिअर घेते. दीड ओहमची, बॅलास्ट रेझिस्टरबरोबर वापरायची कॉइल थेट जोडली आणि चार्जिंग १४ व्होल्टचे असले, तर ९ अँपिअरच्या वर जाते. कॉइल तरी जळते नाहीतर मोड्यूल.

आता ब्रेक. यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे ठरले. एका छोट्या हॅचबॅकच्या डिस्क आणि कॅलिपर आणले, लेथवर हबला मेळ घातला, कॅलिपरसाठी दहा एमएमच्या प्लेटचे ब्रॅकेट केले. ड्रॉइंग, टॉलरन्स, सगळे व्यवस्थित. मास्टर सिलिंडर मात्र जुनाच ठेवला. मीच म्हणालो, "नवीन किट टाकलंय, चांगला आहे, पैसे वाचतील." हे वाक्य मला आजही झोपेत ऐकू येतं.

रविवारी सकाळी ट्रायल घेतली. मामा शेजारी, मी स्टिअरिंगवर, मागे दोघे. अर्धा तास छान फिरलो. गाडी थोडी जड ओढते आहे असे वाटले, पण नवीन रिंगा आहेत म्हणून सोडून दिले. परत येताना करपल्यासारखा वास आला. मेसच्या उताराला ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल सरळ फ्लोअरपर्यंत! पुन्हा मारला, पुन्हा तेच. खाली मेसबाहेर नाश्त्याची रांग लागलेली होती. मामांनी काही न बोलता हँडब्रेक ओढला, मी दुसऱ्यावरून पहिल्यात घातली, आणि गाडी बागेच्या कट्ट्याला घासून थांबली. हँडब्रेक केबलवर चालतो, त्याला ब्रेक ऑइलशी देणेघेणे नसते, म्हणून वाचलो. मामा खाली उतरले आणि बराच वेळ कट्ट्यावर बसून राहिले. मला तर बोलताच येत नव्हते.

मिस्त्रीकाका आले. पुढचे चाक जॅकवर घेऊन फिरवले, फिरेना. कॅलिपरचा ब्लीड निपल सैल केला, चिर्रकन ऑइल उडाले आणि चाक मोकळे झाले. म्हणजे पाय काढल्यावरही लाइनमध्ये प्रेशर अडकलेले होते.

कारण असे. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये मुद्दाम थोडे प्रेशर राखून ठेवतो. त्यामुळे चाकातल्या सिलिंडरची रबरे दाबून बसतात आणि हवा शिरत नाही. ड्रममध्ये शूज मागे खेचायला जोरदार स्प्रिंग असते, त्यामुळे एवढ्या प्रेशरने काही बिघडत नाही. डिस्कमध्ये तशी स्प्रिंग नसते. पॅड घासत राहतात. हिशोब करून बघा : राखलेले प्रेशर ०.७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, ४८ एमएमचा पिस्टन म्हणजे १८.१ चौरस सेंटिमीटर, पॅडवर सुमारे पावणेतेरा किलो दाब. दोन पॅड, घर्षणांक ०.३५, पॅडची त्रिज्या ९ सेंटिमीटर, चाकाची ३०. ताशी ४० ने जाताना प्रत्येक चाकात सुमारे २९० वॅट उष्णता, तीही सतत! हॉस्टेलवर ज्याला बंदी आहे तसला एक लहान हीटर प्रत्येक चाकात लावून आम्ही अर्धा तास फिरत होतो. त्यात बाटलीतले उघडे पडलेले ब्रेक ऑइल वापरलेले. डॉट ३ ऑइल ताजे असताना २०५ अंशाला उकळते, पण ते हवेतले पाणी शोषते आणि मग १४० लाच उकळू शकते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पेडल खाली गेले ते असे.

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला चांगले मार्क होते, हे जाता जाता नमूद करतो.

नंतर डिस्क-ड्रम गाडीचा टँडम मास्टर सिलिंडर आणला, पुढची आणि मागची लाइन वेगळी केली. एक फुटली तरी दुसरी राहते. त्याच्या बोअरचाही हिशोब करावा लागतो. पेडलचा रेशो ५ धरला आणि पायाचा जोर २० किलो, तर पिस्टनवर १०० किलो येतात. पाऊण इंची बोअरला प्रेशर ३५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळते, तेरा-सोळांश इंचीला ३० च. मोठ्या बोअरने पेडल कमी खाली जाते, पण पाय जास्त दाबावा लागतो. डिस्कला ड्रमसारखा शू आपोआप ओढला जाण्याचा फायदा नाही, म्हणून इनटेक मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालणारा लहान सर्वोही बसवला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसकट. मग मोकळ्या मैदानावर, ओल्या जमिनीवर, आत एकच माणूस आणि वेग वीसचा, अशी टेस्ट केली. पुढची चाके आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी झाली तर गाडी भोवरा होते. आमची मागची आधी झाली, म्हणून मागच्या लाइनवर प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह घालून पुन्हा केली. तीन वेळा. मग प्रत्येक ट्रायलनंतर डिस्कला इन्फ्रारेड थर्मामीटर लावून दोन्ही बाजूंचे आकडे वहीत लिहिले.

टायर रेडियल घातले. १५५/८० आर १४ चा व्यास काढला तर सुमारे ६०४ एमएम येतो. जुन्या टायरचा व्यास टेपने मोजून ताडून बघा, नाहीतर स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो. रंग शेवटी मामांनीच ठरवला, होता तोच, क्रीम.

गाडी न्यायला मामी स्वतः आल्या. मामांनी गेटपर्यंत नेली, थांबवली, परत आणली, पुन्हा थांबवली. मामींनी आम्हाला चौघांना घरी जेवायला बोलावले आणि मामांना एवढेच सांगितले, "हळू चालवा."

वायपर अजून पहिल्या स्पीडला अडकतो. मोजमापांची वही आणि तो जुना मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्हसकट उघडून, वर्कशॉपच्या दुसऱ्या कपाटात ठेवला आहे. चावी मिस्त्रीकाकांकडे आहे.